चवडा आधी की टाच: अखेर फ्रेम सापडली

मुलींच्या फुटबॉल सरावात उडीनंतर पाय कसा टेकतो, याच्या चित्रीकरणातील ज्या अडचणीने मागच्या नोंदीपासून काम अडवून धरले होते, ती सुटली आहे. प्रत्यक्ष दुखापतींच्या चित्रफिती तपासणाऱ्या अभ्यासांनुसार एसीएलला (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतील अस्थिबंधाला) इजा पाय टेकल्यापासून साधारण पहिल्या ४० मिलिसेकंदांत होते. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात एवढ्या वेळात जेमतेम एखादी फ्रेम मिळते, म्हणून सेकंदाला २४० फ्रेमचा वेग हवाच होता. परंतु संध्याकाळी हॉलमधील दिव्यांखाली त्या वेगाने घेतलेले चित्र सतत लुकलुकत असे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि पाय टेकण्याची फ्रेमच नेमकी काळवंडलेली निघे. लुकलुक घालवायला शटर अधिक वेळ उघडे ठेवावे, तर २४० च्या वेगात ते १/२४० सेकंदाहून अधिक लांबवता येत नसल्याने तो उपायही नव्हता. 'फ्लिकर-फ्री' म्हणून मिळणारे स्वस्त पॅनेल वापरून पाहिले. माझ्या मते त्यावर पैसे घालू नयेत. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणलेली एलईडी पट्टी १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावली आणि चित्र स्थिर झाले. मध्ये डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारे बटण) मात्र लावू नये, बहुतेक डिमरनेही प्रकाश लुकलुकतो.

महाद्वार रोडवरच्या मखमली टिकल्या गुडघ्यावर खूण म्हणून उत्तम दिसतात, पण घामाने सुटतात; वरून पारदर्शक मेडिकल टेप लावल्यावर त्या सराव संपेपर्यंत टिकल्या.

पहिल्याच स्वच्छ चित्रफितीत, हेडर मारून एका पायावर उतरणाऱ्या आमच्या बचावपटूची टाच आधी टेकलेली दिसली. गुडघा जवळजवळ सरळ होता, आणि पुढच्या सहा-सात फ्रेममध्ये त्यावरची टिकली पायाच्या अंगठ्याच्याही आत सरकली. चवडा आधी टेकला की घोटा वाकतो आणि पोटरी धक्का झेलते. टाच किंवा सपाट पाऊल टेकले की तो भार गुडघ्याकडे जातो. अर्थात, गुडघा आणि कंबर वाकली नाही तर नुसत्या चवड्याने भागत नाही. अमेरिकी संशोधक हेवेट यांच्या २००५ च्या अभ्यासात २०५ महिला खेळाडूंपैकी ज्या ९ जणींचा एसीएल पुढे फाटला, त्यांचा गुडघा उतरताना इतरांपेक्षा सुमारे ८ अंश अधिक आत वळत होता, हे येथे आठवते.

'गुडघा बाहेर ठेव' या सूचनेपेक्षा 'आवाज न करता उतर' ही सूचना आमच्या बचावपटूला कितीतरी लवकर साधली. 'ताई, आता पोटरी भरून येते,' असे ती म्हणाली, तेव्हा मला फार आनंद झाला.

पुढे ३१ सेंटिमीटरच्या पेटीवरून उतरण्याची चाचणी घ्यायची होती. पण तीत दोन्ही पाय एकदम टेकतात, आणि दोष तर एका पायावर दिसला आहे. म्हणून पेटी तूर्त बाजूला ठेवून टांगलेल्या चेंडूवर हेडर घ्यावेत, असे हे लिहिताना वाटू लागले आहे. समोरून आणि बाजूने चित्रण करणाऱ्या दोन फोनच्या चित्रफिती एकमेकींशी जुळवायला टाळीऐवजी पाय टेकण्याचा आवाजच वापरता येईल. त्यासाठी दोन्ही फोन त्या जागेपासून सारख्याच अंतरावर हवेत, कारण ३.४ मीटरच्या फरकाने आवाज १० मिलिसेकंद, म्हणजे दोनहून अधिक फ्रेम, उशिरा पोहोचतो.