पेन्सिलने लिहिलेली ड्युटी लिस्ट

खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका हा माझ्या पीएचडीचा विषय. घर आणि नोकरीची ओढाताण, वरिष्ठांची वागणूक आणि नोकरी सोडण्याचा विचार, यांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला पाहायचं होतं. कोर्सवर्क, आराखड्याची मंजुरी, सहामाही अहवाल हे सगळं वेळेत पार पडलं. अडलं ते प्रश्नावलीपाशी.

ओढाताण मोजायला नेटमेयर, बोल्स आणि मॅकमरियन यांची १९९६ची मापनपट्टी घेतली. त्यात दहा विधानं आहेत. पाच नोकरीमुळे घराच्या होणाऱ्या आबाळीची, पाच घरामुळे कामात येणाऱ्या अडथळ्यांची. मराठी भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून, मूळ न दाखवता, परत इंग्रजीत करून घेतलं. ते जुळलं म्हणून मी निश्चिंत होते. पण पहिल्याच चाचणीत एका सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, कुटुंब म्हणजे फक्त सासरचं धरायचं का? माझी आई माझ्याकडेच असते." त्या रात्री मी 'कुटुंब' काढून 'तुम्ही ज्यांचं करता ती घरची माणसं' असं लिहिलं.

दुसरी चूक महागात पडली. एका रुग्णालयात प्रश्नावल्या मेट्रनच्या कार्यालयातून वाटल्या आणि तिथेच गोळा केल्या. वरिष्ठांबद्दलच्या प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत'! ज्यांच्याविषयी विचारायचं त्यांच्याच हातात उत्तरं द्यायला लावली, तर बायका दुसरं काय लिहिणार? तो सगळा गठ्ठा बाद केला. पुढे प्रत्येकीला बंद पाकीट दिलं आणि शिफ्ट बदलताना गेटबाहेर उभी राहून स्वतः परत घेतलं. चार महिने गेले, पण त्याशिवाय प्रबंधाला अर्थ उरला नसता, असं मला आजही वाटतं.

वरिष्ठांच्या आधारासाठी हॅमर आणि सहकाऱ्यांची २००९ची चौदा विधानांची मापनपट्टी होती. भावनिक आधार, प्रत्यक्ष मदत, स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेला धडा आणि कामाची नव्याने मांडणी, असे तिचे चार भाग. हे चारही मला एका इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर दिसले. त्या महिन्याची ड्युटी लिस्ट पेन्सिलने लिहायच्या, शेजारी खोडरबर. "कुणाच्या पोराची परीक्षा निघते, कुणाची सासू आजारी पडते. नाइट बदलून दिली की बाई टिकते," त्या म्हणाल्या. स्वतःची नाइटही त्यांनी त्याच यादीत लावली होती.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी एकच टोकदार प्रश्न विचारला: "ज्या सोडून गेल्या, त्यांना विचारलंत?" नव्हतं विचारलं. सोडण्याचा विचार मोजला होता, सोडणं नाही. ही मर्यादा मी प्रबंधात नोंदवली होती, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. आता त्याच इन्चार्ज सिस्टरांच्या मदतीने, नोकरी सोडलेल्या परिचारिकांना एकेक करून भेटते आहे.