निळा साल्व्हिया: उन्हाला भीत नाही, साचलेल्या पाण्याला भितो

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात निळे तुरे पाहून बियाणं आणायला निघालात, तर हंगाम हुकलाच म्हणा. निळा साल्व्हिया, म्हणजे साल्व्हिया फॅरिनेशिया, पेरल्यापासून फुलायला तीन-साडेतीन महिने घेतो. पुण्यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात पेरा. उशीर झालाच, तर तयार रोपं घ्या. पण फुललेलं उंच रोप नको, ठेंगणं आणि बुडापासून फुटलेलं घ्या.

बी मातीत पुरू नका, त्याला उजेड लागतो. ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) विरळ पसरून बोटांनी नुसतं दाबायचं; दहा-पंधरा दिवसांत उगवतं. परतीच्या पावसाच्या दमट हवेत दाट रोपं बुडाशी नरम पडून आडवी होतात. ही बुरशी. ट्रे आडोशाला पण उजेडात ठेवा आणि पाणी सकाळीच द्या.

झाड मूळचं टेक्सास-मेक्सिकोकडचं, चुनखडीच्या कोरड्या माळावरचं. त्यामुळे बोअरचं जड पाणी त्याला चालतं, माती आंबट करायचे उद्योग नकोत. आपली काळी माती मात्र पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. दहा इंची कुंडीत दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग गांडूळखत, एक भाग जाडी वाळू भरा. जमिनीत लावायचं तर वाफा वीतभर उंच करा, दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी नाही.

पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. इथे बहुतेकांचा हात धजत नाही, मग एकच काडी वाढते आणि तिच्यावर एकच तुरा येतो. ऊन निदान पाच तास हवं. युरियाने पानं माजतात, फुलं रुसतात. महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे. सुकलेला तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापला की बगलेतून नवे तुरे निघतात.

मार्चच्या कोरड्या हवेत पानांवर बारीक फिके ठिपके आणि मागे जाळी दिसली, तर तो लाल कोळी. पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा; नंतर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी.

झाड बहुवर्षायू आहे, उपटू नका. मेअखेर एक तृतीयांश छाटून पावसाळाभर कुंडी पत्र्याखाली ठेवा. सप्टेंबरात नव्या फुटीच्या बिनफुलाच्या चार इंची काड्या वाळूत खोचल्या, तर बियाण्याचा खर्चही वाचतो.