मार्बल क्वीनची पांढरी पाने : खताने नव्हे, निवडीने

मार्बल क्वीन या जातीच्या मनीप्लांटवर पांढरे पट्टे वाढावेत म्हणून कोणते खत द्यावे, असे मला अनेकजण विचारतात. असे कोणतेही खत नाही. पांढरेपणा वेलीच्या शेंड्यातील पेशींमध्येच ठरलेला असतो. तेथील काही पेशींना हरितद्रव्य तयार करता येते, काहींना येत नाही, आणि या दोन्ही प्रकारच्या पेशी नव्या पानाच्या घडणीत ज्या प्रमाणात व ज्या जागी उतरतात, त्यानुसार त्या पानावर बारीक शिंतोडे उमटतात, लांब पट्टे येतात किंवा पान अर्धे पांढरे निघते. त्यामुळे आपल्या हाती खरे काम एकच उरते, आणि ते म्हणजे योग्य डोळा, अर्थात जिथून नवी फांदी फुटते तो अंकुर, निवडणे.

ऊस लावणारा शेतकरी जसा कांडी घेताना आधी डोळा पाहतो, तसेच येथेही करावे लागते. पानाचा देठ खोडाला जिथे जोडलेला असतो, तिथल्या बेचक्यात एक लहानसा डोळा दडलेला असतो आणि त्याच पेरावर हवाई मूळ असते. नुसते देठासकट पान पाण्यात ठेवले तर त्याला कदाचित मुळे फुटतील, परंतु डोळाच नसल्यामुळे त्यातून वेल कधीही तयार होणार नाही. कलम घेताना बहुतेक लोक पान पाहतात. मी खोड पाहते. हिरव्या खोडावर उभ्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. त्यांपैकी एखादी रेघ डोळ्याच्या खालून येऊन डोळ्याच्या जागेतून पुढे जात असेल आणि तिच्या शेजारी हिरवा भागही असेल, तर त्या डोळ्यातून दुरंगी फुटवा येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. याउलट पान कितीही देखणे असले, पण डोळ्याच्या बाजूचे खोड निव्वळ हिरवे असले, तर पुढची वेल बहुधा हिरवीच निघते. पूर्ण पांढऱ्या भागातील डोळ्याचा मोह मात्र टाळावा. त्यातून आलेला पांढराशुभ्र कोंब मूळ वेलीला जोडलेला असेपर्यंत तिच्याच अन्नावर वाढतो, आणि वेगळा केला की स्वतःचे अन्न करता येत नसल्यामुळे काही काळाने मरतो.

आपल्याकडे असलेलीच वेल हिरवी होत चालली असेल, तर ज्या शेवटच्या पेराचे पान व खोड दोन्ही नीट दुरंगी आहे, त्या पेराच्या किंचित वर वेल छाटावी. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो काढला की शिल्लक राहिलेला सर्वांत वरचा डोळा सहसा आधी जागा होतो, म्हणूनच तो डोळा कोणता असावा हे छाटतानाच ठरवावे लागते. हिरव्या फांद्या ठेवू नयेत, कारण त्या अधिक अन्न तयार करतात, अधिक वेगाने वाढतात आणि पांढऱ्या-हिरव्या फांद्यांना मागे टाकून सगळी कुंडी व्यापतात. छाटल्यावर हात धुवावेत, कारण या वेलीच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. छाटलेले तुकडे लहान मुले आणि मांजरे यांच्यापासून दूर ठेवावेत.

प्रकाशाबद्दल बरेच गैरसमज आहेत. प्रकाशामुळे हिरव्या पेशींची पांढरी पेशी होत नाही. मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात पाने लहान राहतात, पेरांतील अंतर वाढते, कमी हरितद्रव्याच्या फांद्या उपाशी पडतात आणि हिरव्या फांद्यांचे फावते. पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे कोवळे ऊन मला सर्वांत योग्य वाटते. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पांढरा भाग करपून तपकिरी होतो आणि तो पुन्हा बरा होत नाही. खत बेताचेच द्यावे. नत्राचा मारा केला तर जोम हिरव्या वाढीलाच येतो. ओलसर ठेवलेल्या काथ्याच्या काठीवर वेल चढवली की पाने मोठी होतात आणि नक्षी उठून दिसते, पण पांढऱ्या रंगाचे प्रमाण त्याने वाढत नाही, हे सांगितलेच पाहिजे.

ही वेल मुळात फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटाची आहे आणि ती जवळजवळ कधीच फुलत नाही. जिबरेलिन या संप्रेरकाची कमतरता हे त्याचे कारण असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणून घरोघरीच्या या वेली कलमांतूनच आलेल्या आहेत. पांढऱ्या-हिरव्या नव्या जातीसुद्धा पेशींतील बदल हेरून, ती फांदी वेगळी वाढवून टिकवल्या जातात. फ्लोरिडा विद्यापीठाने ‘पर्ल्स अँड जेड’ ही जात मार्बल क्वीनवर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून निवडली. आपण घरी किरणोत्सर्ग करत नाही, परंतु पुढची निवड तशीच आहे.

मी माझी छाटणी पुण्यात जूनच्या पावसावर ठेवते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत छाटलेल्या वेलीचे डोळे फार हळू हलतात, तर पावसाळ्याच्या उबदार, दमट हवेत कलमे लवकर मुळे धरतात. नव्या फुटव्याची पहिली एक-दोन पाने पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. खोडावरच्या रेघा पुढच्या पेरांपर्यंत टिकल्या आहेत का, हे पाहूनच तो ठेवायचा की पुन्हा छाटायचा ते ठरवावे.