शिवाजी पार्क ते हुतात्मा चौक : चारचाकीऐवजी ई-सायकलने

शिवाजी पार्कहून फोर्टमधल्या कार्यालयात चारचाकीने जाण्याचे सोडून मी ई-सायकल (पायडल मारताना बॅटरीवरची मोटर मदत करते ती) वापरू लागलो, त्याला आता तिन्ही ऋतू पाहून झाले आहेत. अंतर साधारण बारा-तेरा किलोमीटर भरते. गाडीला कधी पाऊण तास लागे, तर कधी सव्वा तासही पुरत नसे; सायकलला मात्र कोंडी असो वा नसो, पाऊण तासाच्या आसपासच लागतो. वेगापेक्षा वेळेची ही खात्री मला अधिक मोलाची वाटते.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि सागरी किनारा मार्ग या दोन्हींवर सायकलींना आणि दुचाक्यांना प्रवेश नाही; त्यामुळे जुनी वाटच धरावी लागते. सावरकर मार्गाने सिद्धिविनायकावरून प्रभादेवी ओलांडून वरळी नाका गाठावा, तेथून ॲनी बेझंट रोडने नेहरू सेंटरवरून हाजी अलीला यावे. किनारा मार्गाकडे वळणारी वाहने येथे उजवीकडे सरकतात, म्हणून आपण डावी बाजू सोडू नये. पुढे दोन पर्याय आहेत. पेडर रोड सरळ असला तरी त्यावर चढ आहे आणि त्यानंतर केम्प्स कॉर्नरच्या उताराला गाड्यांचा वेग वाढलेला असतो. मला ताडदेव, नाना चौक आणि गावदेवीतून विल्सन कॉलेजपाशी चौपाटीवर निघणारी वाट अधिक पसंत आहे. सिग्नल जास्त लागतात, पण सिग्नलच्या गर्दीत सायकलस्वार निदान दिसतो तरी. उड्डाणपूल वाटेत आला, तर त्याच्या खालूनच जावे. अनेक पुलांवर सायकलबंदीचे फलक आहेत, आणि जिथे नाहीत तिथेही वर जाण्यात शहाणपणा नाही.

मोटरच्या मदतीचा उपयोग चढापेक्षा सिग्नलवर अधिक होतो. हिरवा दिवा लागताच पहिली दहा पावले जोर न लावता निघता आले, की मागची टॅक्सी अंगावर येत नाही. (माहीमच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, हे या वाटेचे मोठेच सुख.) घामाचा प्रश्नही बहुतांशी यातूनच सुटतो, सकाळी मदतीची वरची पातळी ठेवून आरामात जावे आणि व्यायामाची हौस संध्याकाळी भागवावी.

संध्याकाळची गोष्ट मात्र वेगळी आहे. परतताना मरीन ड्राइव्हवर आपण समुद्राच्या बाजूने उत्तरेकडे जात असतो, आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारनंतर वायव्येकडून येणारा खारा वारा थेट तोंडावर बसतो. सकाळच्या मानाने बॅटरी तेव्हा लवकर उतरते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर; जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरांना ती पुरते, परंतु जाहिरातीत लिहिलेला पल्ला खरा मानून चार्जर घरी ठेवू नये. पूर्ण चार्ज करायला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते, तेव्हा बिलाची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायचीच तर ती बॅटरी रात्री कुठे ठेवायची याची करावी. सोसायटीच्या तळमजल्यावर प्लग मिळत नसेल, तर निघणारी बॅटरी असलेलेच मॉडेल घ्यावे, तिला वर घरी न्यावे आणि ती निवल्यावरच चार्जिंगला लावावी.

खरेदी करताना कायद्याची मर्यादाही पाहावी. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आत असेल, तर नियमानुसार ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी आणि परवाना लागत नाही. हेल्मेट तरीही घालावेच.

रस्त्याच्या डाव्या कडेबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. पावसाळी गटारांच्या जाळ्यांचे गज काही ठिकाणी आडवे नसून चाकाच्या दिशेला समांतर बसवलेले असतात, आणि बारीक टायर त्यात सहज अडकतो. म्हणून कडेपासून हातभर आत चालवावे आणि निदान पावणेदोन इंच रुंदीचा टायर घ्यावा. बेस्टची बस थांब्यासाठी डावीकडे वळू लागली, की तिच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत घुसण्याचा मोह टाळून मागेच थांबावे. उभ्या टॅक्सीच्या बाजूने जाताना दाराच्या रुंदीइतके अंतर ठेवावे. डबेवाले हे सारे सामानाने लगडलेल्या साध्या सायकलींवर कित्येक वर्षे सांभाळत आले आहेत. आपल्यासारख्या गाडीवाल्यांनाच ते नवे वाटते.

पावसाळ्यात मी सायकल पूर्णपणे बंद ठेवत नाही, पण भरतीचे वेळापत्रक पाहून निघतो. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की सखल भागांत पाणी साचते. हबपर्यंत (चाकाच्या मधल्या भागापर्यंत) पाणी असेल तिथे सायकल उतरून ढकलण्यापेक्षा वाट बदललेली बरी, कारण मागच्या हबमध्ये शिरलेले पाणी मोटर खराब करते. अशा दिवसासाठी आता मेट्रो ३ हाताशी आहे. दादर किंवा सिद्धिविनायक स्थानकातून हुतात्मा चौकापर्यंत थेट जाता येते.

सायकल ठेवण्याची व्यवस्था आधी पक्की करावी. आमच्या इमारतीच्या तळघरात गाड्यांना जागा होती, सायकलला नव्हती; व्यवस्थापनाला लेखी अर्ज देऊन आणि दोनदा आठवण करून दिल्यावर खांबाजवळची जागा मिळाली. फ्रेम खांबाला यू-लॉकने बांधावी, पुढचे चाक वेगळ्या साखळीने अडकवावे आणि डिस्प्ले काढून खिशात ठेवावा.

पंक्चरची एक बाब विक्रेते सांगत नाहीत. मोटर मागच्या हबमध्ये असली, तर ते चाक काढण्यासाठी वायरचा जोड सोडवावा लागतो आणि ॲक्सलच्या नटांना बहुधा १८ क्रमांकाचा पाना लागतो. तो पाना पिशवीत असावा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला चाक काढू न देता टायर एका बाजूने उघडून ट्यूब तेवढीच बाहेर ओढायला सांगावे. ठिगळ तसेही लागते आणि वायर सुरक्षित राहते. गाडी मी विकलेली नाही. आईला दवाखान्यात न्यायला आणि रात्री उशिरा सामान आणायला ती लागते.