कमरेची गोळी, लघवीची गोळी आणि उतरलेलं बीपी

मागच्या गल्लीतल्या काकू दुपारी मेडिकलमध्ये आल्या आणि काकांसाठी चक्करची गोळी मागू लागल्या. चक्कर कधीपासून, आणि सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत, हे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून तीन स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवल्या. आखडलेले स्नायू सैल करणारी टिझानिडीन २ मिलिग्रॅम, लघवीच्या जंतुसंसर्गासाठीचं अँटिबायोटिक सिप्रोफ्लोक्सासिन (सिप्रो) ५०० मिलिग्रॅम आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५. पहिल्या दोन शेजारी शेजारी दिसल्या आणि चक्करची गोळी काढायचा प्रश्नच उरला नाही.

काका साठीच्या आसपासचे. गव्हाचं पोतं उचलताना कमरेत उसण भरली. हाडांच्या डॉक्टरांनी टिझानिडीन दिवसातून तीनदा, पाच दिवस लिहून दिलं. दोन दिवस ते छान लागू पडलं. थोडी गुंगी आणि तोंडाला कोरड, इतकंच. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ होऊ लागली म्हणून ते दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे कमरेच्या गोळीचा विषयच निघाला नाही आणि सिप्रो सुरू झालं. दुपारची टिझानिडीन घेतल्यावर तासाभरात काका मोरीच्या दाराशीच मटकन खाली बसले.

टिझानिडीन थेट स्नायूवर काम करत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूकडून स्नायूला जाणारे आखडण्याचे संदेश ते कमी करतं. त्याच क्रियेमुळे झोप येते, नाडी मंदावते आणि बीपी उतरतं. एरवी यकृतातलं सीवायपी १ए२ नावाचं एन्झाइम हे औषध भराभर मोडून टाकतं, म्हणून एका डोसचा असर तीन ते सहा तासच टिकतो. सिप्रोफ्लोक्सासिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही एकत्र दिल्यावर शरीराला मिळणारं टिझानिडीन सरासरी दहापट झालं. म्हणजे गोळी २ मिलिग्रॅमची, पण शरीरावर भार २० मिलिग्रॅमच्या आसपासचा. काकांच्या बाबतीत त्यावर बीपीची गोळीही होती. ही जोडी ‘जपून घ्या’ या सदरातली नाही, ती पूर्ण वर्ज्य आहे. मानसिक आजारात देतात त्या फ्लुवोक्सामीनचंही तेच.

घर जवळच होतं, म्हणून बीपीचं मशीन घेऊन गेलो. झोपलेल्या अवस्थेत बीपी ८८/५४, नाडी ५२. हाक मारली की डोळे उघडायचे, उत्तर द्यायचे, की पुन्हा गुंगी. अशा माणसाला ‘उठून बघा बरं’ म्हणायचं नाही, कारण उभं राहिलं की बीपी आणखी पडतं. आडवंच ठेवून पायांखाली दोन उशा दिल्या. गुंगीत तोंडात चहा-पाणी घालू दिलं नाही. ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. टिझानिडीन ताबडतोब बंद आणि लगेच दवाखान्यात, असं त्यांनी सांगितलं. तिन्ही स्ट्रिपा आणि शेवटचे डोस किती वाजता घेतले याचा कागद काकूंबरोबर दिला. दाखल करणाऱ्या डॉक्टरांना तो कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. सलाईन आणि रात्रभर देखरेख यावर सकाळी बीपी जागेवर आलं. लघवीच्या तक्रारीसाठी वेगळं अँटिबायोटिक दिलं गेलं.

इथे एक बारकावा आहे. चार-पाच दिवसांच्या लहान डोसनंतर टिझानिडीन एकदम थांबवता येतं. पण महिनोन्महिने मोठा डोस घेणाऱ्याने अचानक सोडलं तर बीपी आणि नाडी उसळतात. बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं दुसरं औषध अचानक सोडलं तर भास आणि झटकेही येऊ शकतात. तिथे डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

उसण भरल्यावर आपल्याकडे बहुतेकदा एकाच गोळीत अनेक औषधं असलेली जोडगोळी मिळते: अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि त्यात स्नायू सैल करायला थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझॉक्साझोन किंवा टिझानिडीन. समोरचं नाव न वाचता मागचे घटक वाचा. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल दुप्पट होणं नेहमीचं आहे. थायोकोल्चिकोसाइड तोंडाने कमाल ८ मिलिग्रॅम दर बारा तासांनी आणि सात दिवसच, ही मर्यादा युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये घातली; गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ते अजिबात नको. क्लोरझॉक्साझोनने लघवी नारिंगी होऊ शकते, त्याने घाबरू नये. डोळे पिवळे झाले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

स्नायू सैल करणाऱ्या गोळीचा पहिला डोस शक्यतो रात्री घ्या. गोळी चालू असताना गाडी चालवू नका. दारू, झोपेची गोळी आणि सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं टाळा. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसून, मगच उभं राहा.

काकांना आणखी एक प्रश्न विचारला होता: लघवी अडते का, आणि बसण्याच्या जागेला बधिरपणा आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ होतं. ते ‘हो’ असतं, किंवा पायातली ताकद गेली असती, तर तो मणक्यातली नस दबल्याचा इशारा असता. तेव्हा गोळीचा असर होण्याची वाट न पाहता त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं.