५ लाख लोकांचं रक्त, पण कुणाचं?

यूके बायोबँक म्हणजे ब्रिटनमधला संशोधनासाठीचा रक्ताच्या नमुन्यांचा आणि आरोग्याच्या माहितीचा मोठा साठा, तिचं नाव निघालं की ५ लाख लोक हा आकडा येतोच, आणि काम खरंच प्रचंड आहे, २००६ ते २०१० मध्ये ४० ते ६९ वयाच्या लोकांचं रक्त, लघवी, आजारांची माहिती सगळं गोळा केलं, आज जगभरचे संशोधक ते वापरतात. पण त्यातले सुमारे ९५ टक्के लोक गोरे आहेत! मला हे फार खटकतं. मुद्दाम कुणाला वगळलं असं नाही, ९२ लाख लोकांना पत्रं गेली आणि जेमतेम साडेपाच टक्के आले, आता कामावर सुट्टी टाकून तपासणी केंद्रात कोण जाऊ शकतं, तर ज्याचं बरं चाललंय तोच ना.

आपल्याला काय फरक पडतो म्हणाल तर एमवायबीपीसी३ नावाचं जीन बघा. त्यातली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असली की हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा धोका वाढतो, आणि भारतीय उपखंडात साधारण दर २५ जणांत एकाकडे हा बदल आहे. युरोपियन लोकांत तो जवळपास नाहीच, मग फक्त त्यांचंच रक्त तपासत बसलं तर तो दिसणार कसा? २००९ मध्ये हे जगासमोर आलं ते हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या लोकांनी इथलेच नमुने तपासले म्हणून.

पूर्व लंडनमधल्या जीन्स अँड हेल्थने मात्र मला आवडलं असं काम केलं, बांगलादेशी आणि पाकिस्तानी लोकांसाठीच प्रकल्प काढला, पत्रं टाकून वाट बघत न बसता मशिदीत, बाजारात जाऊन लाळेचे नमुने घेतले. असंच जायला हवं.

आपल्याकडे जीनोम इंडिया या प्रकल्पाने ८३ समाजगटांतून १०,००० जणांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचायचं ठरवून ते करून दाखवलं, छानच आहे, कारण जातीतच लग्नं होत आल्याने ‘भारतीय’ असा एकच रकाना ठेवून आपल्याकडे भागत नाही. पण नुसतं मोजणीत येणं पुरेसं नाही हो. अमेरिकेत हवासुपाई आदिवासींनी डायबेटिसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, ते त्यांना न विचारता स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या संशोधनात वापरलं गेलं, कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये तडजोड होऊन नमुने परत मिळाले. म्हणून नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला कुणी हात पुढे केला आणि उरलेलं रक्त पुढे संशोधनासाठी ठेवायचं असेल, तर कशासाठी ते त्याला भिलीत, गोंडीत नीट सांगा, अंगठा घेण्याआधी.