वावरातली काळी समुद्राच्या तळाशी

आमचं वावर वणी तालुक्यात, वर्धा नदीपासून दीड-दोन किलोमीटरवर. वर काळी माती, कपाशी आणि तूर. विहीर खोदली की खाली चुनखडी लागते. तिचे चपटे करडे दगड आम्ही गोठ्यात फरशी म्हणून टाकले होते. हा पैनगंगा समूहाचा चुनखडक शंभरएक कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला आहे, हे मला नागपूरला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं. तोवर समुद्र मी टीव्हीवरच पाहिला होता.

भूशास्त्र घेतलं ते खाणीत किंवा सिमेंट कारखान्यात नोकरी लागेल म्हणून. आमच्याकडे दुसरं काय असतं? पण एका तासाला सरांनी भंडाऱ्याकडच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला मँगनीजचा तुकडा प्रत्येकाच्या हातात दिला. म्हणाले, 1981 साली ‘गवेषणी’ जहाजानं हिंदी महासागराच्या तळातून मँगनीजचे गोटे वर काढले. बटाट्याएवढा गोटा, आणि वाढ किती, तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. त्या रात्री होस्टेलवर मला झोप लागली नाही.

समुद्रतळाच्या या कामाला मला दोन वाटा दिसत होत्या. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं (त्यांच्या सागरी विभागाचं मुख्यालय मंगळुरूला आहे), नाहीतर नेट काढून पीएच.डी.ला लागायचं. मी नेट काढली. पहिल्या मुलाखतीत विचारलं, “समुद्र पाहिलाय का कधी?” मी खरं ते सांगितलं, नाही. समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले आणि पुढचे प्रश्न दोन मिनिटांत आटोपले. यादीत नाव नव्हतं. ते हसणं मला आजही चूक वाटतं. नदीचा गाळ ओळखणाऱ्या माणसाला समुद्र शिकवता येतो. दुसऱ्या वर्षी गोव्यात निवड झाली, तेव्हा तिथल्या मॅडमनी समुद्राबद्दल काहीच विचारलं नाही. काळी माती उन्हाळ्यात का भेगाळते, एवढंच विचारलं.

जहाजावर जाण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि जीव वाचवण्याचं प्रशिक्षण असतं. लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची, उलटलेला तराफा सुलटा करायचा. आमच्या तुकडीतले काही जण काठावरच थबकले. मी उडी मारली, कारण बाबांनी आम्हा भावंडांना पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. विहिरीचं पाणी जास्त खोल आणि जास्त थंड होतं.

पहिली सफर बंगालच्या उपसागरात, गोदावरीच्या मुखासमोर. पहिले तीन दिवस पोटात काही टिकलं नाही. कोरडे मुरमुरे आणि आल्याचा तुकडा, एवढ्यावर काढले. जहाज चोवीस तास काम करतं. माझी पाळी बाराची, म्हणजे दुपारी बारा ते चार आणि रात्री बारा ते चार.

कोअर काढणं म्हणजे लोखंडी नळी तळाच्या गाळात उभी रोवून ती भरलेली वर आणणं. नळीच्या माथ्यावर शेकडो किलोंचं वजन, आत प्लॅस्टिकची नळी आणि तोंडाशी पात्यांचा झापा. गाळ आत शिरतो, पण परत निसटत नाही. पाणी बाराशे मीटर खोल. विंच सेकंदाला मीटरभर दोर सोडतो, म्हणजे खाली जायलाच वीस मिनिटं. तेवढा वेळ सगळे ताणाच्या काट्याकडे बघत उभे असतात. नळी तळाला टेकली की काटा झपकन पडतो, आणि गाळातून उपटताना चढतो. आमची पहिली नळी रिकामी आली, झाप्यात फक्त चिमूटभर वाळू. दुसरी मात्र पहाटे तीनला पूर्ण भरून वर आली. आतल्या प्लॅस्टिकच्या नळीवर (तिला लायनर म्हणतात) वर कुठलं, खाली कुठलं, हे बाणानं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. तो बाण चुकला तर हजारो वर्षांचा इतिहास उलटा वाचला जातो, म्हणून मी तीनदा तपासलं.

मला वाटलं होतं गाळ काळा असेल. तो निघाला हिरवट करडा, बोटाला लोण्यासारखा लागणारा, थोडा सडक्या अंड्याचा वास असलेला. पुढचं दीड वर्ष त्याच्याशीच गेलं. सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं फोरामिनिफेरा या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं एकेक उचलायची. वाळूच्या कणाएवढं कवच, पण त्याच्या ऑक्सिजनमध्ये त्या काळचं पाणी किती उबदार, किती खारट होतं, याची नोंद असते. मान मोडून येते. हे काम सगळ्यांना जमत नाही. कापसाच्या बोंडातून कचरा वेचलेल्या हातांना मात्र जमतं.

माझ्यासाठी खरा दिवस आला तो मातीच्या कणांचा. दोन मायक्रॉनहून बारीक कण काचेवर वाळवले आणि क्ष-किरणांखाली ठेवले. आलेखावर 15 अँगस्ट्रॉमपाशी शिखर दिसलं, म्हणजे मातीच्या कणातल्या थरांमधलं अंतर तेवढं. मग त्याच काचेला ग्लायकॉलची वाफ दिली, रात्रभर. सकाळी शिखर सरकून 17 वर गेलं होतं. माती फुगली होती. स्मेक्टाइट. दख्खनचा बेसाल्ट झिजून होणारं, आमच्या काळ्या मातीतलं तेच खनिज. मृगात फुगतं, आणि मे महिन्यात त्याच्यामुळेच भेगेत मनगटापर्यंत हात जातो. वर्धा आमच्या खाली पैनगंगेला घेते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते. मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिले.

याआधीही हा गाळ वाचला गेला आहे. 2006 साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गॅस हायड्रेट (तळाच्या गाळात बर्फासारखा गोठलेला वायू) शोधताना ‘जॉयडीस रिझोल्यूशन’ जहाजानं काढलेल्या एका कोअरमधून पुढे दहाएक हजार वर्षांच्या पावसाची कहाणी निघाली. गेल्या चारेक हजार वर्षांत पाऊस कमी झाला, शेती पसरली आणि दख्खनची माती समुद्रात कितीतरी जास्त वेगानं जाऊ लागली, असं तो गाळ सांगतो.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आलेखाचा कागद बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, बोट ठेवून विचारलं, “हे आपली माती होय?”

“आपलीच म्हणता येत नाही बाबा. पण आपल्यासारखीच.”

“अन् ते तिथं जाऊन किती जमते?”

“खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर. नदीच्या तोंडाशी पुष्कळ जास्त.”

ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नाल्याकडच्या अंगाले दरसाल खरडून जाते. मी पाह्यतो ना.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती जागा नेऊन दाखवली. पऱ्हाटीची मुळं उघडी पडली होती.

आता मला तुलनेसाठी उगमाकडचे नमुने हवे आहेत. मृगाच्या पहिल्या पुरात नाल्याचं आणि वर्धेचं गढूळ पाणी, तारीख-वेळ लिहून. बाबांनी बारा बाटल्या धुऊन ओट्यावर उपड्या घालून ठेवल्यात, आणि झाकणांवर खडूनं आकडेही टाकलेत. मी म्हटलं, खडू पावसात पुसला जाईल. काल फोनवर म्हणाले, “मायनं नेलपॉलिशनं लिहून देल्ले.”